दहापैकी आठ

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. सकाळचे सव्वादहा. पाकिटात अठरा गोळ्या शिल्लक. हजर दोघे: जनार्दन पष्टे आणि मी. त्यांच्या पत्नी सुगंधावहिनी दळण आणायला गेल्या होत्या. गोळ्या बंद करायचं त्या दिवशी ठरलं, आणि ते मी ठरवलं.

हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे माणसाविषयी लिहिताना हात ढिला पडेल. जनूभाऊंना जाऊन आता दीड वर्ष झालं. झोपेत हृदय थांबलं. त्याचा या गोळ्यांशी काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला पटलं आहे. मला लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. त्या रविवारनंतर ते जे वर्ष जगले, ते त्यांना तसं जगावं लागलं नसतं.

भातसानगरच्या धरण-वसाहतीत आम्ही दोघे एकोणीस वर्षं शेजारी होतो. मी कारकून. पावसाची, पाण्याच्या पातळीची, सोडलेल्या पाण्याची रजिस्टरं माझ्याकडे. जनूभाऊ पातळी वाचणारे. रोज सकाळी आठला पाण्याच्या काठावरची आकड्यांची पट्टी वाचायची आणि आकडा फोनवरून कळवायचा. पावसाळ्यात दर तासाला. माझं गाव किन्हवली, त्यांचं मुरबाडकडे सिद्धगडाच्या पायथ्याशी. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मी त्यांना अहोजाहो करायचो, ते मला अरेतुरे करायचे आणि हाक मात्र 'भाऊसाब' अशी मारायचे. कारकुनाला सगळे तसंच म्हणतात, पण त्यांच्या तोंडी त्यात थोडी थट्टा असायची.

अंगाने किरकोळ, आवाज मोठा. इतका की फोनची गरज काय, असं लोक विचारायचे. आकडा सांगून झाला की ते फोन ठेवत नसत. पलीकडच्याला म्हणायचे, "परत बोल." पलीकडच्याने तोच आकडा म्हणून दाखवला की मगच ठेवायचे. एकदा एक नवे इंजिनिअर चिडले. "अहो, ऐकलं मी." जनूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी ऐकला साहेब, पण माझा पोचला का नाय, ते मला कसा कळल?" साहेबांनी आकडा परत म्हटला आणि तो चुकीचा निघाला. त्यानंतर कोणी चिडलं नाही.

घरीही तेच. वहिनींनी मीठ आणि काड्यापेटी आणायला सांगितलं की दारातून ओरडायचे, "मीठ, काड्यापेटी." वहिनी आतून म्हणायच्या, "अख्ख्या कॉलनीला सांगा, सगळी घेऊन येतील."

एक प्रसंग वसाहतीत अजून सांगितला जातो. मार्चचा महिना, आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पर्जन्यमापकात दोन मिलिमीटर पाणी. दुसरा कोणी असता तर ओतून दिलं असतं. जनूभाऊ त्याच्या शेजारी उकिडवे बसले, वास घेतला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते करवंदीच्या जाळीमागे लपून बसले. सहा वाजता रखवालदार मिश्री लावत आला, चूळ भरली आणि नेम धरून त्या नळकांड्यात टाकली. जनूभाऊ भांडले नाहीत. रजिस्टरात पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पाऊस नाही. रखवालदार.' तो शेरा खोडावा की ठेवावा हे मला आठवडाभर ठरवता आलं नाही. शेवटी ठेवला. खरा होता.

माणसांना ते त्यांच्या क्वार्टरच्या नंबराने हाक मारायचे. "काय रे सत्तावीस, चहा झाला का?" बायकांना, "एकोणीस गो, तुझा पोर शाळेत नाय गेला आज." चिडवायला कोणीतरी म्हणायचं, "जनूभाऊ, तुमचा नंबर काय?" ते म्हणायचे, "आमी नंबर वाचणारी माणसं. आमाला नंबर नाय."

हा माणूस गप्प होऊ लागला तेव्हा पहिल्यांदा ते मला रजिस्टरावरून कळलं. मे महिना होता. आकडे बारीक होत चालले होते. टपोरं अक्षर रकान्याच्या तळाशी बसू लागलं. आठच्या वाचनासमोर वेळ आठ वीस, आठ चाळीस. मग एका दिवशी रकाना कोरा. एकोणीस वर्षांत पहिला. मी विचारलं तर म्हणाले, "ऱ्हायला." एवढंच. फोनवर आकडा सांगायचे आणि ठेवून द्यायचे. 'परत बोल' बंद झालं.

पावसाळा लागला तसं वाढलं. वहिनी एकदा माझ्याकडे आल्या. "भाऊजी, बूट घालाया बसलेत. एक पायात हाय, एक हातात हाय. पाऊण तास झाला." मी गेलो. खरंच तसेच बसले होते. मी बूट घालून दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं माझ्यापर्यंत आलं नाही.

मी कारणं शोधली. माझा स्वभावच तो. कागदावर लिहिलीही. कर्ज: नाही. पगार: वेळेवर. मोठ्या मुलीचं लग्न: झालं, सुखी. धाकटीचं: ठरतंय. शेतीचा वाद: नाही. प्रकृती: साखर, रक्तदाब ठीक. बेरीज शून्य. मग दुःख आलं कुठून? मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. "जनूभाऊ, तुम्हाला कमी काय आहे सांगा." ते म्हणाले, "काय पन नाय. म्हणून तर." तेव्हा मला वाटलं, उत्तर टाळताहेत. आता वाटतं, त्याहून नेमकं उत्तर कोणी देऊ शकला नसता.

गावाकडून भावाचा निरोप आला, भगताला दाखवा. दाखवलं. एक कोंबडा गेला, फरक पडला नाही. मग जुलैच्या अखेरीस मी आणि वहिनी त्यांना शहापूरला घेऊन गेलो. मनाच्या आजारांच्या एक डॉक्टर तिथे दर गुरुवारी ठाण्याहून येत. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी जनूभाऊंना बरंच विचारलं. झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हेसुद्धा स्पष्ट. जनूभाऊ मानेनेच उत्तरं देत होते. मग त्या म्हणाल्या, हे नैराश्य आहे, आजार आहे, आळस नाही, आणि औषध आहे.

मी वही काढली. विचारलं, "मेंदूतलं रसायन कमी होतं म्हणतात. यांचं किती आहे? आणि असायला हवं किती?"

डॉक्टर हसल्या. "त्याची तपासणी नाही हो. रक्तातून असा आकडा निघत नाही."

"मग कमी आहे हे कशावरून?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावलं. मी जमेल तसं लिहितो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते, आणि त्यावरून दुसरीच्या आत पुढचं काम सुरू होतं. सोडलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते. ही गोळी ते ओढणं कमी करते, म्हणजे निरोप फटीत जास्त वेळ राहतो.

इथे जनूभाऊ बोलले. कितीतरी दिवसांनी पहिलं पूर्ण वाक्य. "दुसरी परत बोलत नाय काय?"

डॉक्टरांचा हात थांबला. "बोलते ना. दुसरीकडूनही पहिलीला खुणा जातात, त्यावरून पहिली ठरवते किती सोडायचं. दोन्हीकडून चालतं ते. आजार लांबला की हे बोलणंच ढिलं पडतं. पेशींना झाडासारख्या फांद्या असतात, त्या विरळ होतात."

आणि मग त्या मला म्हणाल्या, "आता हे नीट ऐका. गोळीचं फटीतलं काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं. पण माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. म्हणजे नुसतं रसायन कमी होतं आणि ते भरलं, एवढं सोपं नाही. पेशींना पुन्हा जोडण्या करायला वेळ लागतो. सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही. म्हणून बरं वाटू लागल्यावरही पुढे निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

ती वही माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी त्यात लिहिलं आहे: 'रसायन कमी. गोळीने वाढते. रोज १.' एवढंच. डॉक्टर पाच मिनिटं बोलल्या आणि मी एका ओळीत आवरलं. कारकुनाला सारांश काढायची सवय असते. पत्र तीन पानांचं असो, आवक नोंदवहीत एक ओळ. माझ्या ओळीत चूक नव्हती, पण त्यांच्या बोलण्यातला दुसरा अर्धा भाग तिच्यात नव्हता. गोळी किती महिने घ्यायची ते त्यांच्या चिठ्ठीवर होतं, आणि चिठ्ठी फाइलला लावून मी कपाटात ठेवली.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे मळमळ, काही फरक नाही. मी एक गोष्ट सुरू केली, जिचा तेव्हा मला अभिमान होता. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर जायचं आणि विचारायचं, "दहापैकी किती?" ते जे सांगतील ते आलेख कागदावर मांडायचं. दोन. दोन. तीन. परत दोन. चार. गणपतीत पाच. त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा जेवणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, आणि वहिनी पदराने डोळे पुसत मीठ वाढायला उठल्या. नवरात्रात सात. दसऱ्याला मी कामावर असताना फोनच्या खोलीतून आवाज आला, "परत बोल!" मी पेन खाली ठेवलं आणि तसाच बसून राहिलो.

मग आठ. आठ. आठ. रेघ वर चढून सपाट झाली. धरणावर नोकरी केलेल्या माणसाला अशी रेघ फार ओळखीची असते. ऑक्टोबरात आमच्या रजिस्टरातही ती तशीच दिसते. चढली, भरली, थांबली.

त्या रविवारी त्यांनी विचारलं, "भाऊसाब, किती झाला?"

"तुम्ही सांगायचं, जनूभाऊ."

"आठ."

"मागच्या खेपेला आठ. त्याच्या मागच्याला आठ."

"मंग भरला म्हणायचा का नाय?"

"भरलं."

ते थोडा वेळ गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करत राहिले. धाकटीच्या लग्नाची बोलणी मुरबाडला चालू होती. सुपारी फुटायची होती. "सोयऱ्यांच्या हातात ही गेली तं? येड्याच्या गोळ्या बोलतील. तू सांग, सोडू का? डॉक्टरीण बाय चांगली हाय, पन ती गोळीच सांगणार. तू हिशोबी मानूस. तुझा ह्यात काय फायदा नाय, तोटा नाय."

डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर होता. चिठ्ठी माझ्या कपाटात, बावीस पावलांवर. मी म्हणालो, "धरण भरल्यावर पावसाची वाट कोण बघतं?"

ते मोकळे हसले. म्हणाले, "बरोबर." आणि ते पाकीट मला दिलं. मी ते खिशात घालून घरी आणलं.

चौथ्या दिवसापासून त्यांना चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा चटका बसायचा. मला म्हणाले, "भाऊसाब, वायर लूज झाली रे." मी म्हणालो, सवय सुटते आहे, जाईल. ते चटके खरंच गेले. त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली. मकरसंक्रांतीच्या सुमारास रजिस्टरातलं अक्षर पुन्हा बारीक झालं.

या वेळी ते खोल गेले. वहिनींनी महिनाभर मला सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायच्या, "हायेत बरे." माझ्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. मी समजलो, माझ्यावर राग आहे. शेवटी फेब्रुवारीत आम्ही तिघे परत शहापूरला गेलो. जनूभाऊंना रिक्षातून उतरवताना माझ्या लक्षात आलं की त्यांची पँट दोरीने बांधली आहे. पट्ट्याचं शेवटचं भोकही पुरत नव्हतं.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. फाइल बघितली, तारखा बघितल्या आणि विचारलं, "गोळी बंद करायला कोणी सांगितलं?"

मी जनूभाऊंच्या डाव्या हाताला बसलो होतो. वहिनी उजव्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चार शब्दांचं. मी अख्खी हयात आकडे खरे लिहिले. रखवालदाराचा शेरासुद्धा खोडला नाही. आणि मी गप्प बसलो.

जनूभाऊ म्हणाले, "माझी मीच सोडली."

वहिनी रडू लागल्या. मला वाटलं, काळजीने.

डॉक्टर म्हणाल्या, गोळी पुन्हा सुरू करू, पण दुसऱ्या खेपेला वेळ जास्त लागू शकतो. लागला. औषध एकदा बदलावं लागलं. सहा-सात महिन्यांनी ते जेवू लागले, बोलू लागले, पण तो आवाज आला नाही. तासातासाचं वाचन त्यांच्याने होईना. निवृत्तीला तीन वर्षं होती, ती तशीच सोडून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ते गावाला गेले. सामान टेंपोत चढवताना त्यांनी सगळ्यांना नावांनी हाक मारली. नंबर कोणालाच नाही. मी एकटाच ते मोजत उभा होतो.

मी त्यांच्या गावी दोनदा गेलो. पहिल्यांदा सांगायचं ठरवून गेलो, नाचणीची भाकरी खाल्ली आणि न सांगता परत आलो. दुसऱ्यांदा मार्गशीर्षात. भातझोडणी झाली होती. मुरबाडहून येणारी एसटी त्यांच्या अंगणासमोरूनच पुढे जाऊन वळते आणि परत येते. वहिनी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. जनूभाऊ ओटीवर बसून दोरी वळत होते. चेहरा भरला होता. मी किती म्हणून विचारलं नाही. ती सवय मी सोडली होती.

पाणी पिऊन झालं आणि मी बसल्याजागी बोललो. "वहिनी, त्या वेळी गोळ्या बंद करायला यांना मी सांगितलं होतं. दिवाळीनंतर. तुम्ही दळणाला गेला होता."

सूप थांबलं.

"तुमी?"

"मी."

त्यांनी जनूभाऊंकडे पाहिलं. "ह्यांनी सांगितला होता?"

जनूभाऊ दोरीकडे बघत म्हणाले, "जुना झाला गो आता."

"तुमाला जुना!" वहिनींचा आवाज चढला. "मला आज सकाळपोत नवाच होता. सोयरे यायचे म्हणून मी ती गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात दडवली. दोन दिस तुमच्या गोळ्या ऱ्हायल्या. परत काढून दिली, तं थोड्या दिसांनी तुमी बोललास, आता नको, बरा हाय. मला वाटला, माझ्या दडवन्यानं सुटली. माझ्या हातानं झाला हा. डॉक्टरीण बाय विचारते कोणी सांगितला, तुमी बोलता मीच, आन मी मनात बोलते, मला झाकतोय ह्यो मानूस. वरीस झाला, मला सुखानं घास गेला नाय."

डॉक्टरांच्या खोलीत मी जो शब्द गिळला, तो माझ्यापुरताच आहे असं मी धरून चाललो होतो. माझी लाज, माझं ओझं. माझ्या उजवीकडे दोन हातांवर बसलेली बाई तोच दोष स्वतःच्या नावावर लिहून घेते आहे, हे माझ्या हिशोबात कधी आलंच नाही.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, चूक कोनाची पन व्हते. पन बोलायचा होता तुमी. निदान मला भांडायला मानूस मिळाला असता." आणि माझ्याकडे पाठ करून त्या परत पाखडू लागल्या. निघताना एरवी म्हणायच्या तसं 'या परत' त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी वाटही पाहिली नाही.

जनूभाऊ मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. वीस-पंचवीस पावलं असतील. मी विचारलं, "तुम्ही डॉक्टरांना माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझं पाय हलत होतं रे टेबलाखाली," ते म्हणाले. "मी बघत होतो. बोललो, ह्याला आनि कशाला." मग म्हणाले, "मला काय ठावं, तिकडं बाई जळते हाय. ती पन गप, मी पन गप, तू पन गप."

त्या दिवसांत त्यांना स्वतःचा बूट दिसत नव्हता, आणि माझे पाय दिसले होते. त्यांच्या त्या आजाराविषयी मी नंतर बरंच वाचलं, पण हे मला कुठे सापडलं नाही.

एसटी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. जनूभाऊ गाडी सुटायची थांबले नाहीत, वळून परत अंगणात गेले. वहिनींच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांच्या सुपातले खडे वेचू लागले. वहिनींनी सूप स्वतःकडे ओढून घेतलं. मग काहीतरी बोलल्या. ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून बोलणं लांबलचक होतं आणि गोड नव्हतं. जनूभाऊ खाली मान घालून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी मान वर करून काहीतरी म्हटलं, त्यावर त्या आणखी चढल्या आणि सूपच खाली ठेवून बोलू लागल्या. गाडी पुढे जाऊन, वळून, दहा मिनिटांनी परत त्याच अंगणासमोरून गेली. दोघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही. त्या अजून बोलत होत्या आणि ते ऐकत होते.